दोन खुणांवर बसवलेला नकाशा

आमच्या खात्यात 'साधारण' हा शब्द शिवीसारखा होता. विहीर साधारण इथे आहे, बांध साधारण तिथून जातो, असं कुणी म्हटलं की आमचे साहेब चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "तुमचं लग्न साधारण कुणाशी झालंय?" नवीन माणूस एकदाच गडबडायचा. पुन्हा तो शब्द त्याच्या तोंडून यायचा नाही.

अशा मोजणी खात्यात मी सिल्वासाला ट्रेसर म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. बढत्या कधी मिळाल्या, कोणत्या साहेबाशी माझं वाजलं, हे लिहून आपल्या मराठी मंडळाच्या अंकाची पानं वाया घालवत नाही. ट्रेसर म्हणजे काय, ते मात्र सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या जावेलाही मी ट्रेन चालवते की काय असं बरीच वर्षं वाटत होतं.

मूळ नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, एवढंच आमचं काम. कापड फिकट निळं, खळ लावलेलं, आरपार दिसणारं. त्याच्यावर पाण्याचा थेंब पडला की तिथे जन्माचा पांढरा डाग. आमच्याकडचा मे महिना ठाऊक आहे ना? त्यामुळे मनगटाखाली रुमाल, कपाळाला रुमाल, आणि पंखा बंद, कारण वाऱ्याने कापड हलतं. शिंक आली तर आधी पेन उचलायचं, मग शिंकायचं. चुकलंच तर दाढीच्या पात्याने शाई खरवडायची. हे सगळं करून वर आपलं डोकं चालवायचं नाही ही शिस्त. खाली वाकडं असेल तर वरही वाकडंच. माझ्यासारख्या तोंडाळ बाईने इतकी वर्षं निमूटपणे दुसऱ्याच्या रेघा गिरवल्या, याचं आमच्या माहेरी साक्रीला अजून नवल करतात.

पण खरं नवल मी निवृत्तीनंतर पाहिलं.

आपल्या मंडळाच्या सभागृहात जुन्या सिल्वासाचा भिंतभर नकाशा लावायचं ठरलं, आणि काम माझ्यावर व ईश्वरभाईंवर आलं. ईश्वरभाई आमच्याच खात्यातले निवृत्त मोजणीदार. मी टेबलावर बसून जे गिरवायचे ते या माणसाने उन्हातान्हात साखळी ओढून मोजलेलं असायचं. घरात गुजराती, माझ्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांनी रीतसर परवानगी काढून जुन्या नकाशांच्या प्रती जमवल्या. काहींवर पोर्तुगीज अमलातली वळणदार अक्षरं होती, काही नंतरच्या होत्या.

आमच्या जेवणाच्या टेबलाला काच आहे. तिच्याखाली ट्यूबलाइट ठेवली, काचेवर आजच्या सिल्वासाचा उपग्रहावरून घेतलेला फोटो त्याच मापात छापून पसरला, आणि त्यावर जुना नकाशा ठेवला. आमचे हे मात्र ताट मांडीवर घेऊन जेवायचे आणि प्रत्येक घासाला विचारायचे, "अजून किती मागं जायचंय तुम्हाला?"

जुना कागद आजच्या शहरावर बसवायचा तर न हललेल्या खुणा शोधाव्या लागतात. रस्ते हलतात, घरं पडतात, ओढे बुजतात. चर्चचा कोपरा हलत नाही. जुनी विहीर, मोरीचं दगडी तोंड, एखादं म्हातारं झाड सहसा जागेवर असतं. कागदावरची खूण आणि जमिनीवरची खूण एकावर एक आणायची. एक खूण जुळली तर कागद तिच्याभोवती फिरत राहतो. दुसरी जुळली की तो थांबतो. नियमाने तिसरीही तपासायची असते.

पहिला कागद थांबला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आमच्या गल्लीला मध्येच एक बाक आहे. कारण काहीच नाही, सरळ जाता जाता गल्ली उगीच डावीकडे कलते. इतकी वर्षं त्या बाकावरून मी भाजीच्या पिशव्या आणल्या, लेकीची वरात गेली, सासूबाईंना खांद्यावर नेलं ते तिथूनच. आणि काचेवर दिसत होतं की तो भाताच्या खाचराचा बांध होता. कुणा शेतकऱ्याने कधी काळी पाणी अडवायला माती तशी घातली, आणि आम्ही सगळे त्याच्या बांधावरून चालत होतो. घरं आली, डांबर आलं, पण बाक गेला नाही. मी त्या दिवशी उगीच खाली जाऊन गल्लीतून दोनदा फिरून आले.

नकाशाची बातमी पसरली तशी गिऱ्हाइकं येऊ लागली. गलोंड्याच्या एका कारखान्याचे मॅनेजर आले. त्यांच्या गोदामाचा एकच कोपरा दरवर्षी ओला व्हायचा. सिमेंट झालं, रसायन झालं, वास्तुशास्त्रवालाही येऊन गेला. आम्ही जुना कागद बसवला तर नेमक्या त्या कोपऱ्यात तळं. मॅनेजर त्या तळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "मतलब पाणी घुसत नाहीये, आम्हीच घुसलोय." एकाने आपला प्लॉट पूर्वी राजवाड्यात होता असं लिहून मागितलं. त्याच्या प्लॉटवर गुरांचा कोंडवाडा निघाला. चहा न घेताच गेला.

आणि एक दिवस मंगीबाई आल्या.

साठीच्या पुढच्या, कोकणा आदिवासी समाजातल्या, राहायला खडोलीला. बरोबर जावई होता, तिथल्याच कारखान्यात कामाला. बाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, तुमच्या कागदात आमचे चिरे हायेत का, बगा ना."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या लोकांत माणूस गेला की काही काळाने त्याच्या नावाचा दगड कोरून उभा करतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस. तो चिरा. एका घराण्याचे चिरे एका ओळीत उभे असतात, नवा गेला की ओळीच्या शेवटी त्याची जागा. मंगीबाईंच्या सासरचं शेत पूर्वी टोकरखाड्याकडे होतं. ते विकलं गेलं, घरं खडोलीला गेली, वसाहती उठल्या, आणि चिऱ्यांची ओळ त्या सिमेंटात नेमकी कुठे गेली ते सांगणारं माणूस उरलं नाही.

"दगड काढून फेकले असतील, मावशी," मी म्हटलं.

"फेकले तर फेकले. जागा तर ऱ्हाते ना?" त्या म्हणाल्या. "आमच्या माणसाचा चिरा कोरून आणलाय. अंगणात कापडात गुंडाळून ठेवलाय. त्याला कुठं उभा करू? आईबापाशेजारी ठेव, इतकंच बोलला होता."

जावई खाली मान घालून म्हणाला, "सासू रोज त्या दगडाला सांगतात, थांब, जागा बघते. आम्ही म्हटलं खडोलीतच लावू. ऐकत नाहीत."

मी ईश्वरभाईंकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. असं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. हद्दीचे वाद पाहिले होते, भाऊ भावाच्या अंगावर धावून गेलेले पाहिले होते. पण नवऱ्याला कुठे उभं करू, असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

टोकरखाड्याच्या त्या भागाचा एकच कागद आमच्याकडे होता. ट्रेसिंगच्या कापडाचाच, पण अक्षरं घालायची राहून गेलेली, नुसत्या रेघा. कापड खराब होऊ नये म्हणून कुणा भल्या माणसाने ते प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून टाकलं होतं. त्यात एक ओहोळ होता, काही बांध होते, आणि एका बांधाच्या कडेला शेजारीशेजारी आखूड उभ्या रेघा. पूर्वीचे मोजणीदार असे रोवलेले दगड खुणेला धरत आणि कागदावर उतरवत. मी त्या रेघांवर बोट ठेवलं. "हे बघा, मावशी." त्यांना नकाशा वाचता येत नव्हता, पण त्या रेघांवर त्यांनी तळहात पालथा घातला, आणि बराच वेळ उचलला नाही.

कागद बसवायला दोनच खुणा मिळाल्या. एक जुनी विहीर, तिच्यावर आता जाळी आहे, आणि दुसरी रस्त्याखालची दगडी मोरी. दोन्ही अगदी तंतोतंत जुळल्या. कागदावर मोठ्या झाडाची एक खूण होती, पण ती कुणाच्या तरी गच्चीवर पडत होती. "झाड कापला असेल," ईश्वरभाई म्हणाले. मीही मान डोलावली. आणि रेघा पडल्या रस्त्याकडेच्या एका मोकळ्या प्लॉटवर. मोकळा प्लॉट म्हणजे तर देवच पावला. मालकाने लगेच होकार दिला.

जावयाने पहार घेतली आणि खणायला सुरुवात केली. मुरूम निघाला, विटांचे तुकडे निघाले, गुटख्याच्या पुड्या निघाल्या. मग कोरी काळी माती लागली, तिला कधी कुणी हात लावलेला दिसत नव्हता. दगड नव्हताच. मंगीबाई खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. मला वाटलं त्या रडतील. त्या इकडेतिकडे बघत होत्या, वास घेतल्यासारख्या.

"ताई, हितं नाय."

"नकाशात इथंच आहे, मावशी."

"नाय. मी नवी सून होते तवा मावळतीकडं तोंड करून पाया पडायला वाकले, तर ओहोळ डाव्या कानाशी वाजत व्हता. माझा पदर घसरला म्हणून सासूनं डावीकडून सावरला, ती पाण्यात पाय ठेवून उभी होती. तुमी कागद बघून दावला तो ओहोळ उजवीकडं हाय."

घरी येऊन मी कागद पुन्हा काचेवर ठेवला. ईश्वरभाई म्हणत होते, बाईचं वय झालंय, इतक्या वर्षांपूर्वीचं डावं-उजवं कोण लक्षात ठेवतं. मला तसं म्हणवेना. नवी सून पहिल्यांदा जिथे वाकते ती जागा तिला विसरता येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी भिंग घेतलं आणि रेघा बघत बसले. त्या रेघा कोणत्या जागेच्या आहेत हे बाजूला ठेवून, काढणाऱ्याचा हात कसा चालला होता तेवढंच पाहू लागले.

ओहोळाच्या काठाने गवताच्या खुणा होत्या, बारीक तिरपे फटकारे. असे फटकारे मी आयुष्यभर मारलेत. उजव्या हाताने मारले की ते सगळे वरच्या टोकाला उजवीकडे कलतात. या कागदावरचे डावीकडे कलत होते.

"ईश्वरभाई, हा कागद काढणारा डावखुरा होता का?"

"डाबोडी? आपल्या खात्यात? साहेबांनी ठेवला असता काय?" ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून वाकले, भिंग हातात घेतलं, आणि एकदम ओरडले, "अरे, आ तो ऊंधुं छे!"

उलटा होता. कापड आरपार दिसणारं, वर एक अक्षर नाही, आणि प्लास्टिकमुळे शाई कोणत्या बाजूला आहे ते नखाला कळायचा मार्ग नाही. आम्ही कागद पाठीवर झोपवला होता. आणि दोन खुणांचा कागद पाठीवर झोपवला तरी त्या दोन खुणांवर तितकाच चोख बसतो. म्हणून तर तिसरी तपासायची असते. तिसरी आमच्यापाशी होती, आणि आम्ही ती गच्चीवर टाकून मोकळे झालो होतो. हातून शेकडो नकाशे गेलेली दोन माणसं, आणि चूक शाळकरी पोरांची. तेवढ्यात आमचे हे स्वयंपाकघरातून म्हणाले, "आता तरी जेवायला टेबल मिळेल का?"

मी कागद उलटला. विहिरीवर विहीर, मोरीवर मोरी, आणि झाड जाऊन पडलं एका जुन्या चिंचेवर, जी आजही तिथे उभी आहे आणि जिच्याखाली रिक्षा लागतात. शाईचा तो ठिपका कुणी काढला तेव्हा ती चिंच तिथे होती, आणि आता आम्हाला सावरायला तीच पुढे झाली, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला.

चिऱ्यांच्या रेघा आता ओहोळाच्या जुन्या पात्राच्या दुसऱ्या बाजूला पडत होत्या, आणि तिथे एक हाउसिंग सोसायटी आहे. रेघा नेमक्या तिच्या पार्किंगमध्ये.

सोसायटीचे सेक्रेटरी सावंत सर. निवृत्त शिक्षक, मूळचे कोकणातले, पोरांना वर्गात आणि आता सभासदांना मीटिंगमध्ये ओळीत बसवणारे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मला मान्य आहे हो. माझ्या गावीही राखणदार आहे, त्याला नारळ दिल्याशिवाय आम्ही कौल बदलत नाही. पण इथं आज एक दगड उभा राहिला तर उद्या त्याला शेंदूर, परवा पत्र्याची शेड. गाड्या लावायच्या कुठे? सभासद मला फाडून खातील."

"सर, नुसतं बघू द्या," मी म्हटलं. "दगड नसतील तर आम्ही फरशी पुन्हा बसवून देऊ."

"आणि असतील तर?"

मंगीबाई पुढे झाल्या. "सायेब, मी मागायला नाय आले. विचारायला आले. तुमच्या गाड्या ऱ्हातील तिथंच ऱ्हातील."

सावंत सरांनी पार्किंगमधल्या गाड्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "रविवारी सकाळी या. लोक उशिरा उठतात."

रविवारी सकाळी सरांनी स्वतः आपली गाडी आधी बाहेर काढली. पेव्हर ब्लॉक उचलले. ईश्वरभाईंनी चिंचेपासून आणि विहिरीपासून फीत लावली, मी नकाशा धरून उभी राहिले. दोघांनीही एकमेकांच्या मापाची दोनदा खात्री केली, पूर्वी कधी केली नव्हती तशी. मंगीबाई पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या, डोळे मिटले, डावा हात बाजूला करून हवेत धरला. ओहोळ आता तिथे नाही. त्याच्या जागी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता. पण त्यांनी मान हलवली. "हां. हितं."

जावई खणू लागला. वरून भरावाचा मुरूम होता. गुडघाभर खोल गेला आणि पहारीचा आवाज बदलला.

त्याने पहार टाकली आणि हाताने माती सारायला लागला. आधी दगडाचा गोल माथा वर आला, मग त्यावरचा सूर्य, मग चंद्राची कोर. दगड आडवा पडलेला नव्हता. उभा होता. जावई जरा सरकून शेजारी खणू लागला. तिथे दुसरा. मग तिसरा. ओळ सरळ होती, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

ही जागा सखल होती. वसाहत बांधताना कुणी दगड काढण्याच्या भानगडीत पडलंच नव्हतं, भराव टाकून वरून रोलर फिरवला होता. आणि ते घोड्यावर बसलेले पूर्वज या सगळ्या वर्षांत, गाड्यांच्या चाकांखाली, अंधारात तसेच ताठ उभे होते. गॅलऱ्यांतून लोक खाली बघत होते. कुणी ओरडलं नाही. एक बाई ब्रश तोंडात तसाच धरून जिन्यात उभी होती. मी आयुष्यभर नकाशाला कागद समजत आले. त्या दिवशी मला जमिनीची भीती वाटली, आणि त्याहून जास्त प्रेम वाटलं. ईश्वरभाईंनी टोपी काढली होती.

मंगीबाई खड्ड्यात उतरल्या. एकेका दगडावरून हात फिरवत गेल्या. "हा मोठा सासरा, याला म्या पाह्यला नाय. हा सासरा. हा मोठा सासरा, याला म्या पाह्यला नाय." शेवटच्या दगडाशी थांबून त्यांनी त्याच्यापुढच्या मोकळ्या मातीवर हात ठेवला.

सावंत सर खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले. "मावशी, हे सगळे वर काढूया का? त्या भिंतीला लागून जागा करता येईल. मी मीटिंगमध्ये बघतो."

"उभे हायेत तर उभे ऱ्हाऊ द्या, सायेब. कशाला हलवायचे?"

"मग तुमच्या माणसाचा?"

त्यांनी जावयाला खूण केली. टेम्पोतून कापडात गुंडाळलेला चिरा आला. नवा कोरा दगड, कडा अजून धारदार. मला वाटलं तो आता वर, फरशीच्या पातळीवर रोवतील. मंगीबाईंनी खाली बोट केलं. जावई आणि सोसायटीतले दोघे-तिघे खड्ड्यात उतरले आणि त्यांनी तो सगळ्यांच्या बरोबरीने, जुन्या मातीत, ओळीच्या शेवटी उभा केला. सरांनी काठावरून वाकून तो ओळंब्यात आहे का ते पाहिलं. मंगीबाईंनी तांदूळ टाकले, माडी शिंपडली, आणि नवऱ्याच्या दगडाच्या खांद्यावरची माती पदराने पुसली.

"बुजवा आता," त्या म्हणाल्या.

कुणी फावडं उचलेना. सरांनीच शेवटी विचारलं, "मावशी, अहो, म्हणजे कुणालाच दिसणार नाही. वर एखादी खूण तरी ठेवू. नुसता एक रंगीत ब्लॉक."

मंगीबाई काठाला धरून वर आल्या. मी हात दिला, तो त्यांनी घट्ट धरला आणि मातीकडे बघत म्हणाल्या, "तुमाला, मला दिसून काय करायचं, सायेब? ते एकमेकांना दिसले म्हणजे झालं."